दुसरं विश्व लिहायचंय? आधी दाराचं ठरवा

मल्टिव्हर्स, म्हणजे एकापेक्षा जास्त विश्वं, हा शब्द आता एवढा स्वस्त झालाय की एकमेकांशी न जुळणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी दिसल्या की लोक तो चिकटवून मोकळे होतात. वाचणाऱ्याने केलं तर ठीके, लिहिणाऱ्याला ते परवडत नाही, कारण त्या एका शब्दाखाली दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि दोन्ही लिहायची रीत वेगळी आहे.

पहिली भानगड म्हणजे गोष्टीच्या आतच दोन जगं आहेत आणि त्यांच्यामध्ये दार आहे. निदान एखादं पात्र तिकडे जाऊ शकतं, किंवा तिकडून कोणीतरी इकडे येऊन टपकतं. हे अल्टरनेट युनिव्हर्स. दुसरी म्हणजे तीच पात्रं घेऊन कोणीतरी गोष्ट नव्याने, वेगळी सांगतंय, दारबिर काही नाही, एका गोष्टीतल्या माणसांना दुसरीचा पत्ताच नाही, दोन्ही माहितीयेत ते फक्त वाचणाऱ्याला. ही वेगळी कंटिन्युइटी. फॅनफिकवाले, म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर हौसेने लिहिणारे, या दुसऱ्या प्रकारालाही एयूच (अल्टरनेट युनिव्हर्स) म्हणतात, म्हणू देत, पण तुमच्या स्वतःच्या नोट्समध्ये पहिल्या ओळीत लिहून ठेवा: दार आहे की नाही. बाकीचे सगळे निर्णय यावरून ठरतात.

आणि वेगळी कंटिन्युइटी ही काय कॉमिक्सवाल्यांनी काढलेली आयडिया नाहीये. विमलसूरीचं पउमचरिय घ्या, महाराष्ट्री प्राकृतातलं जैन रामायण. त्यात रावणाला राम मारत नाही, लक्ष्मण मारतो, कारण रामाच्या हातून हत्या झालेली त्या परंपरेला चालत नाही. कुठे पोर्टल नाही, कुठे 'दुसऱ्या विश्वातला राम' नाही, सरळ आमची गोष्ट अशी आहे म्हणून सांगितलंय. याच्या उलट अध्यात्म रामायणात एक भन्नाट जागा आहे. राम सीतेला वनात न्यायला तयार नसतो, तेव्हा ती म्हणते की आत्तापर्यंत इतकी रामायणं ऐकलीत, कुठल्या तरी रामायणात राम सीतेला सोडून वनात गेलाय का? म्हणजे पात्राला बाकीच्या व्हर्जन्स माहितीयेत! दार नुसतं किलकिलं केलंय, एका वाद घालण्यापुरतं, आणि लगेच लावून घेतलंय. एवढा कंट्रोल आपल्याला जमला तरी खूप झालं.

दार उघडं ठेवायचं तर

दार असलं की मजा खूप येते हे खरंय. १९६१ साली डीसी या अमेरिकन कॉमिक्स कंपनीच्या द फ्लॅशच्या १२३व्या अंकात बॅरी अ‍ॅलन, म्हणजे नवा फ्लॅश, चुकून दुसऱ्या पृथ्वीवर जातो आणि तिथे त्याला जे गॅरिक नावाचा माणूस भेटतो, जुना फ्लॅश, ज्याला तो आपल्या जगात कॉमिक्समधलं पात्र म्हणून ओळखत असतो. एका फटक्यात जुनी पात्रंही खरी ठरली आणि नव्यांनाही धक्का लागला नाही. पण तिथूनच पृथ्व्या वाढत गेल्या, आणि त्यात भर म्हणजे आधीच्या हिरोंच्या जगाला अर्थ-टू नाव पडलं आणि नंतरच्यांच्या जगाला अर्थ-वन. म्हणजे जे आधीचं ते दोन नंबरचं. तुम्ही असं करू नका, जगांना नंबर देण्यापेक्षा तिथल्या फरकावरून नाव द्या, 'पूल न पडलेलं जग' वगैरे, निदान ड्राफ्टमध्ये तरी.

दाराची खरी किंमत मरणात मोजावी लागते. तुमच्या गोष्टीत एखादं माणूस मेलं आणि शेजारच्या जगात तेच माणूस जिवंत असेल तर वाचणारा रडायच्या ऐवजी वाट बघत बसतो, आता तिकडचा कधी येतो म्हणून. त्यामुळे दार ठेवलंत तर त्याला नियम लावा आणि ते नियम वाचणाऱ्याला लवकर कळू द्या: कोण जाऊ शकतं, किती वेळा, जाताना काय मागे ठेवावं लागतं, परत येता येतं का. आणि तिकडून आलेला माणूस म्हणजे मेलेला माणूस नव्हे हे पात्रांना सोसायला लावा. चेहरा तोच, पण त्याला तुमची पंधरा वर्षं आठवत नाहीयेत, त्याच्या आठवणीत तुमच्या जागी दुसरंच कोणीतरी आहे. हा सीन नीट लिहिलात तर मरण स्वस्त होत नाही, उलट अजून लागतं.

दार बंद ठेवण्याचा फायदा मार्व्हल कॉमिक्सच्या अल्टिमेट लाइनमध्ये मस्त दिसतो. २००० साली त्यांनी स्पायडरमॅनची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली, शाळकरी पीटर, आजचा काळ, मागच्या जवळजवळ चाळीस वर्षांचं ओझं नाही, आणि मूळ मालिका शेजारी तशीच चालू. वेगळी कंटिन्युइटी असल्यामुळे २०११ मध्ये त्या पीटरला त्यांनी मारलं, आणि त्याच्या जागी माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन आला. मूळ मालिकेत एवढी रिस्क कोणी घेतली नसती. पुढे २०१२ मध्ये दार उघडलंच, मूळ पीटर आणि माइल्स भेटले, २०१५ च्या सीक्रेट वॉर्स मालिकेत ते अख्खं जगच गेलं आणि माइल्स मूळ विश्वात राहायला आला. माझं मत विचाराल तर भेटीपर्यंत ठीक होतं, तो मेलेला पीटर मेलेला आहे यावर सगळा डोलारा उभा होता आणि जवळजवळ बारा वर्षं दार बंद होतं म्हणूनच त्या भेटीला वजन आलं. तर दार उघडायचंच असेल तर उशिरा उघडा.

फाटा कुठे फुटतो

आता मुख्य काम. दोन जगं कुठल्या क्षणी वेगळी झाली तो क्षण शोधा, आणि तो जितका बारीक तितकं बरं. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा कोणी वाचली नसेल तर आधी ती वाचा. त्यात १७६१ चं पानिपत मराठे जिंकतात, आणि बदललंय काय तर विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून जाते. बस. सैन्य वाढवलेलं नाही, नवीन शस्त्र आणलेलं नाही. एक गोळी.

त्याच कथेत दुसरी शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे हा फाटा वाचणाऱ्याला कसा कळतो ते. गंगाधरपंत इतिहासाचे प्राध्यापक, ते लायब्ररीत जाऊन स्वतःच लिहिलेले भारताच्या इतिहासाचे खंड काढून बसतात. पहिले चार खंड त्यांच्या माहितीशी जुळतात, औरंगजेबाच्या मृत्यूपर्यंत सगळं ठीक, म्हणजे गडबड पाचव्यात आहे. शास्त्रज्ञ येऊन लेक्चर देण्याआधीच वाचणारा त्यांच्याबरोबर पानं उलटत त्या क्षणापर्यंत पोचतो. तुमच्या पात्राला फाटा शोधायचा असेल तर त्याच्या धंद्यातूनच शोधू द्या, डॉक्टर असेल तर जुन्या केस पेपरमधून, अकाउंटंट असेल तर वह्यांमधून. आणि पुरावा म्हणून तिकडून परत काय येतं? बखरीचं एक फाटकं पान, जे चुकून खिशात राहिलेलं. दारातून येणाऱ्या वस्तू इतक्याच छोट्या असाव्यात.

सायन्सचं काय करायचं असं बरेच जण विचारतात. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये क्वांटम मेकॅनिक्सचा तो अर्थ मांडला ज्याला आता मेनी वर्ल्ड्स म्हणतात, पण त्यात वेगळ्या झालेल्या शाखांना एकमेकींकडे ये-जा करता येत नाही, म्हणजे ज्यांच्या गोष्टीत दार आहे त्यांनी एव्हरेटचं नाव घेऊन उलट अडचणच ओढवून घेतली. दोन ओळीत उरका आणि पुढे चला.

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा तुमची मूळ गोष्ट अशी आहे. वसुधा आणि चित्रा दोघी बहिणी. चित्रा तेरा वर्षांची असताना वसुधा नदीत बुडते, चित्रा काठावर असते आणि काही करू शकत नाही. मोठी होऊन चित्रा रेस्क्यू टीममध्ये जाते, तिथे तिची समीरशी ओळख होते कारण पुरातून तिनेच त्याला बाहेर काढलेलं असतं, आणि गोष्ट तिथून पुढे. आता तुम्हाला असं जग लिहायचंय जिथे वसुधा वाचली.

आळशी एयू म्हणजे वसुधा वाचली, सगळे खूश, चित्रा रेस्क्यू टीममध्ये, समीर तिच्या प्रेमात, आणि आता बहीण पण आहे. सगळं मिळालं. अशा गोष्टीत वाचायला काही उरतच नाही.

नीट करायचं तर आधी चित्राच्या स्वभावाच्या दोन याद्या करा. एकीत ती बुडण्याच्या दिवसाआधी जशी होती ते, हट्टी, छोटंछोटं खोटं बोलणारी, ताईच्या मागे मागे करणारी. दुसरीत त्या दिवसानंतर जे आलं ते, रात्री झोप न लागणं, कुठेही गेली की माणसं मोजणं, पाणी दिसलं की गप्प होणं, आणि हो, तो अख्खा रेस्क्यूचा ध्यास. नवीन जगात पहिली यादी जशीच्या तशी येते. दुसरी यादी येत नाही. त्यातलं काही ठेवायचं असेल तर त्याला नवीन कारण द्यावं लागेल. हे एवढं काम केलं ना की निम्मी गोष्ट आपोआप समोर येते, कारण आता प्रश्न पडतो की अपराधी भाव काढून घेतला तर ही मुलगी आहे कोण? कदाचित ताईच्या सावलीतच राहिलेली, ताई करते तेच करणारी, आणि आतून धुमसणारी. मूळ गोष्टीत जिच्यासाठी ती आयुष्यभर रडली तिच्यावरच या गोष्टीत ती वैतागलेली आहे. हे वाचायला मी पैसे देईन.

मग बाहेरच्या माणसांकडे या. चित्रा रेस्क्यू टीममध्ये नाही, तर पुराच्या दिवशी समीरला कोणी काढलं? बहुधा कोणीच नाही. मूळ गोष्टीत तिने ज्यांना ज्यांना वाचवलं त्यांची नावं चॅप्टर काढून काढून लिहा, त्या प्रत्येकाचं या जगात काय झालं ते ठरवा. सगळे मेले असं नको, ते फारच हिशेबी वाटतं, एखादा स्वतःच पोहून आला असेल, एखाद्याला टीममधल्या दुसऱ्याने काढलं असेल, पण समीर गेला. आणि तुमच्या गोष्टीत दार असेल तर आता विचार करा, मूळ चित्रा या जगात येते, तिला ताई जिवंत दिसते, आणि मग ती समीरबद्दल विचारते. सगळी गोष्ट या एका प्रश्नासाठी लिहायची. दार नसेल तरी हरकत नाही, पेपरातल्या कोपऱ्यात पुरात गेलेल्यांची यादी येते, चित्रा पान उलटते, तिला ते नाव माहितीच नाही, पण वाचणाऱ्याला माहितीये. मला विचाराल तर दार नसलेलं जास्त बोचतं.

बदल कुठपर्यंत न्यायचे याचा पण एक ताप आहे. काटेकोर बघायला गेलं तर फाट्यानंतर जन्मलेलं कुठलंच मूल सेम असायला नको, एका मिनिटाचा फरक पडला तरी वेगळंच मूल जन्माला येईल. इतिहासावरची गोष्ट असेल तर हे पाळा, शंभर वर्षांपूर्वी युद्धाचा निकाल फिरवून आजचे नेते तेच ठेवलेत तर जाणकार वाचणारा पुस्तक बाजूला ठेवेल. पण गोष्ट माणसांवरची असेल तर सैल सोडा. स्टार ट्रेकच्या १९६७ च्या 'मिरर, मिरर' भागात फेडरेशन या शांतताप्रिय संघाच्या जागी क्रूर साम्राज्य आहे, प्रमोशन हवं तर वरच्याला मारायचं, आणि तरीही त्याच जहाजावर तीच माणसं त्याच पोस्टवर. लॉजिक लावलं तर अशक्य आहे, पण कोणी तक्रार करत नाही, कारण बघायचंय ते हे की दाढीवाला स्पॉक त्या जगातही लॉजिकनेच चालतो का. चालतो. म्हणूनच मूळ जगातून तिकडे पोचलेला कॅप्टन कर्क शेवटी त्याच्याशी बोलू शकतो. जग उलटं केलंत तर प्रत्येक पात्राची एक गोष्ट अजिबात हलवू नका, नाहीतर ते पात्र ओळखूच येत नाही.

जुनं पुसायचं की बाजूला ठेवायचं

लांबलेली सिरीज असेल, भाग वाढलेत, पात्रांची वयं जुळत नाहीयेत, मेलेला माणूस दोन भागांनंतर फोन उचलतोय, तेव्हा लेखकाला रिबूटचा, म्हणजे जुनं पुसून पहिल्यापासून सुरू करण्याचा, मोह होतो. थांबा. १९८५-८६ मध्ये डीसीने बारा अंकांची क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स काढली, सगळ्या पृथ्व्यांची मिळून एक केली, उद्देश एकच की गुंता संपावा. आणि मग पॉवर गर्लसारखी पात्रं लटकली. ती अर्थ-टू वरच्या सुपरमॅनची चुलत बहीण, आता अर्थ-टू कधी नव्हतीच म्हटल्यावर ही आली कुठून? मग तिला अटलांटिसच्या जादूगाराची वंशज करून टाकलं, जे कोणालाच पटलं नाही, आणि वीस वर्षांनी इन्फिनिट क्रायसिस या मालिकेच्या वेळी परत अर्थ-टू वर आणावं लागलं. जग डिलीट करायच्या आधी त्या जगावर कोण कोण टेकून उभं आहे त्याची यादी करा. यादी लांब निघाली तर डिलीट करू नका.

त्यापेक्षा सोप्या वाटा आहेत. गोडझिलावाल्यांनी १९८४ च्या सिनेमात फक्त १९५४ चा पहिला सिनेमा धरला आणि मधले सगळे सोडून दिले, पुढे १९९९ पासूनच्या सिनेमांत तर बहुतेक वेळा दरवेळी नवीन सुरुवात, पण ते १९५४ चं मूळ राहिलंच. म्हणजे एकच पाया धरायचा आणि बाकीचं मोजायचंच नाही, कुठलंही स्पष्टीकरण न देता. वाचणारे समजून घेतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप लवकर.

स्टार वॉर्सने एप्रिल २०१४ मध्ये आधीच्या कादंबऱ्या-कॉमिक्सचा अख्खा ढीग 'लेजंड्स' नावाखाली बाजूला काढला. चाहते भडकले, पण पुस्तकं मिळत राहिली, आणि त्यातला थ्रॉन हा खलनायक २०१६ मध्ये रेबेल्स मालिकेत नव्या कॅननमध्ये, म्हणजे अधिकृत गोष्टीत, परत आणता आला. आणि २००९ चा स्टार ट्रेक तर सगळ्यात हुशार, भविष्यातून आलेल्या जहाजामुळे २२३३ मध्ये फाटा फुटतो, कर्कचे वडील जातात, नवीन टाइमलाइन सुरू होते, पण जुनी तशीच आहे आणि त्याचा पुरावा म्हणून म्हातारा स्पॉक समोर उभा आहे. नवीन वाचकाला कोरी पाटी आणि जुन्याचा अपमान पण नाही.

रेटकॉनबद्दल, म्हणजे आधी सांगून झालेलं मागाहून बदलण्याबद्दल, एकच सांगतो. मागचं बदलताना घडलेली घटना बदलू नका, तिचं कारण बदला. 'तो मेलाच नव्हता' पेक्षा 'तो मेला पण आपल्याला वाटलं त्या कारणाने नाही' हे कधीही बरं.

रोजची कामं

एक स्प्रेडशीट ठेवा, फार काही नको. डावीकडे पात्रं, वर जगं, प्रत्येक चौकटीत तीनच गोष्टी: जिवंत आहे का, फाट्याच्या दिवशी वय किती, आणि दुसऱ्या जगाबद्दल याला काय माहितीये. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. दाराच्या गोष्टीत निम्म्या चुका याच असतात, पात्राला जे कळायला अजून चार चॅप्टर आहेत ते ते आधीच बोलून बसतं.

एकाच सीनमध्ये दोन चित्रा असतील तर 'चित्रा एक', 'दुसरी चित्रा' असलं काही करू नका. एकीला हाक मारायचं नाव वेगळं द्या, तिच्या जगात तिला सगळे चिऊ म्हणतात असं काहीतरी, आणि मग ते नाव निवेदनात पण वापरा. कपडे, केस यांच्यावर भरवसा ठेवू नका, वाचणारा ते दोन पॅरेग्राफमध्ये विसरतो. बोलण्याची ढब मात्र लक्षात राहते, एक वाक्य पूर्ण करते, दुसरी अर्ध्यात सोडते, एवढं पुरतं.

वाचणाऱ्याला बदल कधी दाखवायचा? कंटिन्युइटी वेगळी असेल तर पहिल्या पानावरच, आणि सांगून नाही, वसुधा दार उघडते आणि विचारते जेवलीस का, झालं काम, ज्याने मूळ वाचलंय तो खुर्चीत सरळ होऊन बसतो. दाराची गोष्ट असेल तर उलट, आधी मूळ जगाची नीट सवय होऊ द्या, म्हणजे तिकडे गेल्यावर काय चुकतंय ते तुम्ही सांगायच्या आधी त्यालाच दिसेल.

आणि दुसऱ्याच्या पात्रांवर लिहून पोस्ट करत असाल तर टॅग नीट लावा. मूळ गोष्ट कुठपर्यंत धरलीये, कुठल्या भागानंतर सोडलीये, कोण मरतं. 'चॅप्टर ९ पर्यंत कॅनन, त्यानंतर वेगळं' एवढी एक ओळ वर टाकली तरी पुरे, नाहीतर दहावा चॅप्टर असा नव्हता म्हणून सांगायला येणाऱ्यांनाच उत्तरं देत बसाल आणि अकरावा लिहायचा राहून जाईल.